वाचकांचे प्रश्न : घाटाखालची लहान दुकाने

मागील अंकात शनिवार-रविवारच्या सहलींविषयी लिहिताना ‘समुद्रकाठच्या गावी गेल्यास किनाऱ्याइतकाच वेळ तेथील लहान दुकानांनाही द्यावा’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या वाक्याने बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील बऱ्याच वाचकांना लिहिते केले. त्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. उत्तरे देणाऱ्याची हयात शहापूरला कापडाच्या दुकानात गादीवर बसण्यात गेली असल्यामुळे ग्राहकाची बाजू मांडता मांडता मधूनच आतला दुकानदार बोलू लागेल. तेवढे वाचकांनी चालवून घ्यावे.

प्रश्न : मी शिक्षिका असून शनिवारी आमची शाळा सकाळचीच असते. मला व माझ्या नणंदेला हाताने केलेल्या वस्तूंची आणि लहान बुटीकांत रमतगमत हिंडण्याची आवड आहे. शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री परतायचे असल्यास पणजी गाठावी की कोकणातले एखादे गाव? (एक शिक्षिका, शहापूर)

उत्तर : ताई, आपल्या शाळेच्या घंटेनेच याचा निम्मा निकाल लावलेला आहे. दुपारी एक वाजता निघालात तर जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट उतरून पणजीला पोहोचेपर्यंत साडेचार-पाच वाजतात. खोलीवर सामान टाकून, चहा घेऊन आपण फोंतेन्हासच्या रंगीत घरांच्या गल्लीत शिराल, तेव्हा दुकानांचे दोन-अडीच तासच उरलेले असतील, आणि दुसरा दिवस रविवारचा. गोव्यातील जुन्या वळणाची दुकाने दुपारी एकपासून साडेतीन-चारपर्यंत विश्रांती घेतात आणि रविवारी त्यांतली पुष्कळशी उघडतच नाहीत. बेळगावात शनिवारी आठवड्याचा बाजार भरतो, रविवारीही लोक पिशव्या घेऊन बाहेर पडतात, म्हणून सगळीकडे तसेच असेल असे आपण धरून चालतो. परिणामी बेळगावच्या केए-२२ क्रमांकाच्या कितीतरी गाड्या रविवारी सकाळी पणजीत बंद दारांपुढे उभ्या असतात आणि माणसे त्या दारांची छायाचित्रे काढून घरी येतात.

पणजी करायचीच असेल, तर ती शुक्रवारी जोडून सुट्टी आली असताना करावी. शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो. तो बुटीकांचा बाजार नव्हे. तेथे मिरच्या, मातीची भांडी, केळी, टोपल्या, सुकी मासळी असा रोजच्या गरजेचा माल असतो. तरीही आधी तो पाहावा, असे मी सांगेन, कारण तेथे एखाद्या टोपलीची किंवा मडक्याची साधी किंमत कानावर पडते आणि दुसऱ्या दिवशी तीच टोपली पणजीच्या दुकानात कापडाचे अस्तर लावून मांडलेली दिसली, की त्या अस्तराला आपण किती मोजत आहोत हे कळते. म्हापसा आणि पणजी यांत तेरा-चौदा किलोमीटरचेच अंतर आहे.

आपल्या अर्ध्या शनिवारला मात्र सावंतवाडी आणि वेंगुर्ले ही जोडी अधिक मानवेल. बेळगाव-वेंगुर्ले रस्ता हा आपला जुना रस्ता आहे. इंग्रजी अमदानीत बेळगावच्या छावणीचा आणि पेठेचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून याच वाटेने वर येत असे. शिनोळी, आंबोली आणि घाट उतरून चारच्या सुमारास सावंतवाडीत शिरता येते. सावंतवाडीला समुद्र नाही, हे नणंदबाईंना आधीच सांगून ठेवावे, नाही तर मोती तलावाकडे पाहून त्यांचा विरस होईल. परंतु दुकाने पाहण्यासाठी त्या टापूत याहून चांगले गाव मला ठाऊक नाही. तेथील चितार आळीत लाकडी खेळणी, रंगवलेली लाकडी फळे, पाट आणि देव्हारे विकणारी दुकाने एकाला एक लागून आहेत, आणि काही ठिकाणी मागच्या बाजूला कामही चाललेले असते. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळण्याचे गोल पत्ते, रंगवण्याचे काम होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जवळजवळ विझली होती, ती तेथील राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी कारागिरांना हाताशी धरून पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येक गटात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे सगळी मिळून १२० गोल पाने असतात. पूर्ण संच हाताने रंगवलेला असल्यामुळे महाग पडतो, पण त्याच शैलीत रंगवलेल्या लहान वस्तूही तेथे मिळतात. राजवाडा पाहण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

रात्री सावंतवाडीत राहून रविवारी सकाळी तीसेक किलोमीटरवरील वेंगुर्ल्यास जावे. तेथे काजू, कोकम आणि काथ्याच्या वस्तू पाहाव्यात, दुपारी मोचेमाड किंवा शिरोड्याच्या किनाऱ्यावर बसावे आणि उजेड असतानाच आंबोलीचा घाट चढावा. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता. मिठागरे पाहण्याची इच्छा असल्यास तीही वाट वाकडी न करता पाहून होतील. एकच अट आहे, पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळावेत. त्या दिवसांत धबधब्यांच्या गर्दीमुळे आंबोलीलाच आपला अर्धा दिवस जाईल, आणि किनाऱ्यालगतची हंगामी दुकाने जूनपासून सप्टेंबरपर्यंत बहुधा मिटलेलीच असतात.

प्रश्न : गोव्यातील एका देखण्या बुटीकमध्ये ‘स्थानिक कारागिरांची हस्तकला’ अशी पाटी वाचून मी चामड्याची चप्पल घेतली. घरी पाहुणे आले होते, त्यांनी ती हातात घेऊन ‘ही तर आमच्या अथणीकडची’ असे सांगितले. किंमतही तिकडच्या चौपट होती. माझी फसवणूक झाली असे समजावे काय? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : निम्मी झाली, आणि ती कोणत्या निम्म्यात झाली हे नीट पाहिले पाहिजे.

कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते आठ जिल्ह्यांचे आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार. अथणी, निपाणी या भागांतील कारागिरांच्या घरांत चपला पिढ्यान् पिढ्या होत आल्या आहेत, आणि कोल्हापुरी म्हणून बाहेर जाणाऱ्या मालाचा मोठा वाटा आपल्याच जिल्ह्यातून जातो. २०२५ साली एका इटालियन फॅशन कंपनीने तशाच बांधणीच्या चपला मिलान येथील प्रदर्शनात पायांत घालून मिरवल्या आणि सुरुवातीला मूळ गावाचे नावही घेतले नाही, तेव्हा आपण सगळे रागावलो होतो. तोच प्रकार घाटाखाली लहान प्रमाणात रोज घडत असतो. तेथे मात्र आपण खुशीने पैसे मोजून चप्पल पिशवीत घालतो.

चौपट किमतीचा मला फारसा राग येत नाही. दुकानाचे भाडे, हंगामाबाहेरचे रिकामे महिने, न खपलेला माल आणि शेकडो चपलांतून ही एक निवडण्याची नजर, या सगळ्याची किंमत त्या चपलेवर चढलेली असते, आणि ती द्यायची की नाही हे ठरवण्यास आपण मोकळे आहोत. खोटी होती ती ‘स्थानिक’ ही पाटी. दुकान लहान आहे, मालकीणबाई स्वतः गल्ल्यावर बसल्या आहेत, भिंतीला शेणामातीचा रंग आहे, एवढ्यावरून माल त्याच गावचा असेल असे आपण मनोमन ठरवून टाकतो, आणि लहान दुकानात होणाऱ्या बहुतेक फसवणुकींचे मूळ या गैरसमजात असते. दुकानाच्या लहानपणाचा आणि मालाच्या गावाचा काहीही संबंध नाही. घाऊक बाजारातून गठ्ठ्याने आलेला माल दहा फुटांच्या दुकानातही तितकाच छान मावतो.

माझ्या पाहण्यात अशी दुकाने तीन जातींची असतात. पहिल्या जातीचा दुकानदार माल स्वतः करतो किंवा घरात करवून घेतो. दुसरा ठिकठिकाणच्या कारागिरांकडून निवडून आणतो, बहुधा जांगडावर, म्हणजे वस्तू खपली तरच कारागिराच्या हाती पैसे पडतात अशा बोलीवर. तिसरा शहरातील घाऊक व्यापाऱ्याकडून माल भरतो. तिघांनाही जगण्याचा हक्क आहे, तिसऱ्याने फक्त पहिल्याचे सोंग आणू नये. यांना ओळखण्यासाठी ‘हे हाताने केलेले आहे का?’ असे विचारण्यात अर्थ नाही, कारण त्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. त्याऐवजी ‘हीच वस्तू दुसऱ्या रंगात करून मिळेल काय आणि किती दिवस लागतील?’ असे विचारावे. करणारा लगेच आपली अडचण सांगू लागतो. हा रंग पावसात वाळत नाही, हे लाकूड आत्ता मिळत नाही, वीस दिवस द्या, असे काहीतरी तो बोलतो. निवडून आणणारा कारागिराला विचारून कळवतो म्हणतो आणि त्याच्या गावाचे नाव घेतो. तिसऱ्याचे उत्तर ‘पुढच्या स्टॉकमध्ये येईल’ हे असते.

आता माझीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे पत्रलेखकास एकटे वाटणार नाही. गोव्यात कुणबी-गावडा समाजातील स्त्रिया नेसत असलेली लाल-पांढऱ्या चौकडीची सुती साडी फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्या प्रयत्नांमुळे पुन्हा चर्चेत आली, आणि त्यानंतर ती जागोजागी दिसू लागली. अशाच एका किनाऱ्यालगतच्या दुकानातून मी पुतणीसाठी हातमागाची म्हणून एक साडी घेतली. दुकानातला दिवा पिवळा होता, मालक गप्पिष्ट होते, आणि ज्याने चाळीस वर्षे साड्या विकल्या त्याला कोण फसवणार, या तोऱ्यात मी होतो. घरी येऊन पदर उलटा केला, तर चौकडी विणलेली नसून छापलेली निघाली. विणलेल्या चौकडीत रंग सुताचाच असल्यामुळे तो दोन्ही बाजूंना सारखा दिसतो, छापील कापडाची उलटी बाजू फिकी असते. ही गोष्ट आमच्या दुकानातल्या नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवली जाई. तेव्हा कापड नेहमी दाराशी, उजेडात नेऊन उलटून पाहावे. चौकडी विणलेली ठरली तरी ती यंत्रमागाची असू शकते, हे शहापूर-वडगावच्या माणसाला सांगायला नको. हातमागाची खात्री हवी असल्यास केंद्र सरकारचे हातमाग चिन्ह लेबलवर आहे काय ते पाहावे, आणि नसल्यास यंत्रमागाच्या भावाने घ्यावी.

लाकडी खेळण्यांतही हीच सरमिसळ चालते. चन्नपट्टणची खेळणी आपल्याच राज्यातली आणि उत्तम असतात, पण ती सावंतवाडीची म्हणून घेऊ नयेत. चन्नपट्टणच्या खेळण्यावर रंगीत लाखेची कांडी लाकूड फिरत असतानाच दाबून रंग चढवतात आणि केवड्याच्या पातीने घासून चमक आणतात, त्यामुळे त्यावर एकसंध गोल पट्टे दिसतात. सावंतवाडीचे काम कुंचल्याचे असते. आंब्याच्या गालावर पिवळ्यातून लाल रंग चढत गेलेला असतो, आणि शेजारचा आंबा तंतोतंत तसाच नसतो.

प्रश्न : वेंगुर्ल्यात आणि मालवणात प्रत्येक दुकानात काजूचे भाव वेगळे सांगतात. पुड्यांवर २४०, ३२० असे आकडे असतात. त्यांचा अर्थ काय, आणि ‘गावठी काजू’ कसा ओळखावा? (एक गृहिणी, निपाणी)

उत्तर : वहिनी, ते आकडे गुणवत्तेचे नसून आकाराचे आहेत. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये किती अख्खे पांढरे गर बसतात, ते त्यावरून कळते. ३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० गर, २४० म्हणजे २२० ते २४० आणि १८० म्हणजे १७० ते १८०. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि भाव चढा. पडताळा पाहायचा असेल तर घरी पाव किलोची पुडी मोजावी. ३२० च्या पुडीत साधारण १६५ ते १७५ गर भरले पाहिजेत आणि २४० च्या पुडीत १२० ते १३०. आपल्याला २४० च्या भावात पुडी दिली असेल आणि मोजणी दीडशेच्या वर गेली, तर पुढच्या वेळी दुकान बदलावे. मोठा गर चवीला सरस असतो, हा समज मात्र चुकीचा आहे. भाजीत आणि खिरीत घालायला तुकडा काजू पुरतो आणि तो बराच स्वस्त पडतो.

गावठीचा प्रश्न अवघड आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या अनेक जाती विकसित केल्या आहेत आणि वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही आहे. परंतु भारतातील प्रक्रिया कारखाने आफ्रिकेतील देशांतूनही कच्ची बी मोठ्या प्रमाणावर आणतात, आणि एकदा साल निघून गर पांढरा झाला की तो कोणत्या खंडातला हे आपल्यासारख्याने पाहून ओळखणे कठीण. म्हणून पाकिटावरील बारीक अक्षरे वाचावीत. ‘अमुक गावी पॅक केले’ आणि ‘अमुक गावी उत्पादन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पादकाचा किंवा पॅक करणाऱ्याचा पत्ता, निव्वळ वजन, महिना, कमाल किंमत आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर असलाच पाहिजे. हे काहीच नसलेली, पिनेने बंद केलेली पुडी ‘घरगुती’ म्हणून घ्यायची असेल, तर ज्यांच्या घरी ती झाली त्यांच्या अंगणात जाऊन घ्यावी. सालीसकट भाजलेले काजू मिळाले तर तेच घ्यावेत, असा माझा पक्षपाती सल्ला आहे.

कोकमाविषयी दोन शब्द. आगळात कोकमाचा रस आणि मीठ याखेरीज काही नसावे. ज्या बाटलीच्या लेबलावर साखर पहिली लिहिलेली असते ते सरबताचे पाक असते, आणि त्याची सोलकढी करायला गेल्यास काय होते ते आमच्या घरी एकदा सर्वांनी चाखले आहे.

प्रश्न : मालवणातील एका लहान दुकानातून घेतलेल्या कुर्त्याची शिवण पहिल्याच धुण्यात सुटली. पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले आहे. आता मालवणास जाऊन भांडावे लागेल काय? (एक वाचक भगिनी, वडगाव)

उत्तर : जावे लागणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यासाठी पावतीवर मुदत दिलेली असेल तर ती, आणि नसेल तर तीस दिवस धरले जातात. छापील ओळीने हा हक्क बुडत नाही. पावती न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे, म्हणून पावती मागताना संकोच करू नये. याच कायद्याने ग्राहकाला तो जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे खरेदी महाराष्ट्रात झाली असली तरी आपली तक्रार बेळगावात दाखल होऊ शकते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिला शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहावे.

येथे आतला दुकानदार बोलतो, त्याचेही ऐकावे. शिवण सुटणे हा दोष आहे, पण घरी येऊन आरशात रंग आवडला नाही किंवा जावेने नाक मुरडले हा कुर्त्याचा दोष नव्हे, आणि तेवढ्यासाठी कायदा कोणाला माल परत घ्यायला लावत नाही. दुसरे असे, की लहान दुकानदाराला आयोगाच्या नोटिशीपेक्षा शांतपणे केलेला एक फोन आणि सुटलेल्या शिवणीचे छायाचित्र अधिक लवकर हलवते. बहुतेक जण नवा कुर्ता कुरिअरने पाठवतात, कारण त्यांचे गिऱ्हाईक एकमेकांच्या सांगण्यावरूनच वाढत असते.

प्रश्न : किनाऱ्यावरील दुकानांत प्रवाळाचे तुकडे, मोठे शंख आणि वाळवलेले समुद्री घोडे शोभेसाठी मिळतात. ते घ्यावेत काय? तसेच नक्षीदार बाटलीतली काजू फेणी मित्राला भेट द्यायची आहे. (एक तरुण वाचक, चिकोडी)

उत्तर : दोन्ही घेऊ नयेत. प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्री घोडे आणि शंख-शिंपल्यांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, आणि या गुन्ह्यात विकणाऱ्याबरोबर घेणाराही सापडतो. कोणता शंख चालतो आणि कोणता नाही हे दुकानात उभ्या उभ्या ठरवता येत नसल्यामुळे सगळेच सोडावेत. फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि तिची बाटली कितीही देखणी असली, तरी गोव्यातील मद्य विनापरवाना कर्नाटकात आणणे हा अबकारी गुन्हा आहे. सीमेवरील नाक्यावर गाडी उघडायला लावतात तेव्हा भेटवस्तूचा वेष्टनकागद कामी येत नाही. मित्राला बिबिंका ही गोव्याची थरांची मिठाई न्यावी.

प्रश्न : माझ्या मावशी कोणत्याही दुकानात निम्म्या किमतीपासून घासाघीस सुरू करतात. बुटीकमध्ये त्यांच्याबरोबर उभे राहणे मला लाजिरवाणे वाटते. चूक कोणाची? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : चूक जागेची आहे. किनाऱ्यावरील हंगामी मांडवांत आणि रात्रीच्या पर्यटन बाजारांत सांगितलेली किंमत ही संवादाची सुरुवात असते, तेथे मावशींना पुढे करून आपण मागे उभे राहावे. ज्या दुकानात वस्तूला किमतीची चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि करणाऱ्याचे नाव लिहिलेले आहे, तेथे निम्मी किंमत मागणे म्हणजे त्या नावाचीच निम्मी किंमत करणे होय. माल जांगडाचा असेल, तर दुकानदाराने सोडलेले पन्नास रुपये कित्येकदा कारागिराच्या वाट्यातून जातात. अशा ठिकाणी सवलत मागायचीच असेल, तर तीन-चार वस्तू एकदम घेऊन मागावी, किंवा रंग किंचित उडालेली, कोपरा घासलेली वस्तू दाखवून मागावी. दुकान उघडल्यावर पहिले गिऱ्हाईक आपणच असाल, तर भवानीच्या वेळी दुकानदाराचे मन मऊ असते हे खरे आहे. परंतु त्या वेळी अर्धा तास घासाघीस करून रिकाम्या हाताने बाहेर पडणाऱ्याविषयी दुकानदार मनात काय म्हणतो, ते या सदरात छापता येणार नाही.

प्रश्न : पणजीहून निळ्या चित्रांच्या फरशा आणल्या होत्या. सहापैकी दोन चोर्ला घाटातच फुटल्या. त्या आणाव्यात कशा, आणि हाताने रंगवलेल्या कशा ओळखाव्यात? (एक निवृत्त अभियंता, टिळकवाडी)

उत्तर : पोर्तुगिजांबरोबर आलेल्या या फरशांना ‘अझुलेज’ म्हणतात. ओळखण्यासाठी एकाच चित्राच्या दोन फरशा मागाव्यात आणि शेजारी ठेवून पाहाव्यात. कुंचल्याची रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक होत जाते, आणि दोन फरशांवरचा तोच कोंबडा थोडा वेगळा मान वळवतो. दोन्ही केसाइतक्याही वेगळ्या नसतील, तर त्या छापील समजाव्यात. छापील फरशीही वाईट नसते, फक्त तिची किंमत छापील असावी.

आपण त्या आडव्या, एकीवर एक रचून डिकीत ठेवल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. फरशी आडवी ठेवली की खालच्या फरशीवर वरच्या सगळ्यांचा भार येतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की मधोमध तडा जातो. दोन-दोन फरशा चित्राकडून समोरासमोर, मध्ये सुती कापड घालून बांधाव्यात आणि ग्रंथपालाने पुस्तके लावावीत तशा खोक्यात कडेवर उभ्या कराव्यात, म्हणजे हलायला जागा राहणार नाही. खोके डिकीत न ठेवता पुढच्या आसनामागे पायांपाशी ठेवावे. कापड विकत घेण्याची गरज नाही, अंगावर घ्यायची जुनी चादर घरूनच न्यावी.